32 फुटी खर्ज: हॅम्बुर्ग ते पॅरिस

बुधवार, हॅम्बुर्ग

पाइप ऑर्गन घरी कितीही चांगल्या स्पीकरवर ऐकला, तरी त्याचा सगळ्यात खालचा सूर हाती लागत नाही. 32 फुटी पाइपांच्या रांगेतला शेवटचा पाइप सेकंदाला साधारण 16 वेळा कंप पावतो. घरातला स्पीकर तिथे कधीच हात टेकतो, आणि कानही जेमतेम काठावर उभा असतो. हा सूर अंगानं ऐकायचा असतो: बाकाच्या लाकडातून, तळपायातून. ऑर्गन काही आपल्या गावी येत नाही. आपणच त्याच्या दारी जायचं. म्हणून हा प्रवास.

सुरुवात सेंट जेकोबी चर्चपासून केली. आर्प श्निटगरनं 1689 ते 1693 या काळात इथला ऑर्गन बांधला. हातांसाठी 4 किबोर्ड, पायांसाठी वेगळा, 60 स्टॉप आणि सुमारे 4000 पाइप. स्टॉप म्हणजे एकाच जातीच्या पाइपांची रांग. तिचा खुंटीसारखा दांडा ओढला की ती रांग बोलू लागते. 8 फुटी रांग किबोर्डवर दिसतो तोच सूर देते, 4 फुटी एक सप्तक वर, 16 फुटी एक सप्तक खाली, आणि 32 फुटी त्याच्याही खाली. श्निटगरनं इथे 32 फुटी दोन रांगा दिल्या आहेत, एक बासरीच्या कुळातली आणि एक पत्तीची, म्हणजे पेटीसारखी थरथरत्या पत्तीवर वाजणारी.

या ऑर्गनचं नशीब मोठं विचित्र. 1917 साली दर्शनी भागातले कथलाचे पाइप युद्धासाठी वितळवले गेले. हान्स हेनी यान नावाच्या लेखकानं त्यानंतर लोकांना पटवलं, की ही अडगळ नव्हे, हा ठेवा आहे. दुसऱ्या महायुद्धात आतले पाइप आणि हवापेट्या वेळीच उतरवून सुरक्षित ठेवल्या. 1944 मध्ये चर्च बेचिराख झालं, लाकडी सांगाडा जळाला, पाइप मात्र वाचले. आज ऐकू येतो तो युर्गेन आरेंडनं 1993 मध्ये पूर्ण केलेल्या जीर्णोद्धारानंतरचा आवाज.

1720 साली योहान सेबास्टियन बाखनं याच चर्चमध्ये ऑर्गनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. ती मिळाली हाइटमान नावाच्या गृहस्थाला, ज्यानं नंतर चर्चला 4000 मार्क दिले. आज हाइटमानची ओळख एवढीच उरली आहे.

दुपारी वादकानं 17 व्या शतकातला ऑर्गनवादक-रचनाकार बुक्स्टेहुडे याचं एक प्रेल्यूड, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, वाजवलं. मी आधी ऑर्गनच्या अगदी खाली बसलो, ते चुकीचं ठिकाण नव्हतं पण अपुरं होतं: पत्तीचे स्टॉप करकरीत, प्रत्येक सूर सुटा. मध्यावर जाऊन बसलो तेव्हा तेच सूर एकमेकांत मिसळून आले. पुढच्या प्रत्येक चर्चमध्ये मग निदान दोन जागा बदलून ऐकायचं ठरवलं.

संध्याकाळी सेंट कॅथरिन. बाखनं 1720 मध्ये इथला वृद्ध वादक योहान आडम राइनकेन याच्यासमोर एका स्तोत्राच्या धूनवर जवळजवळ अर्धा तास उत्स्फूर्त वादन केलं, आणि ‘ही कला मेली असं मला वाटत होतं, पण ती तुमच्यात जिवंत आहे’ अशी दाद राइनकेननं दिली, असं बाखच्या मृत्युलेखात नोंदवलं आहे. तो ऑर्गन 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेला. सध्याचा ऑर्गन 2013 मध्ये जुन्याच्या धर्तीवर, वाचलेले जुने पाइप वापरून उभा राहिला. उत्तम आहे, तरी जेकोबीच्या आवाजातला खरखरीतपणा इथे नाही, आणि मला तो खरखरीतपणाच आवडला.

गुरुवार, श्टाडे

हॅम्बुर्गहून लोकलनं तासाभरात श्टाडे. एल्बे नदीजवळचं लहान, टुमदार गाव. सेंट कोस्मे चर्चमधला ऑर्गन बेरेंट हूस यानं 1668 ते 1675 मध्ये बांधला. त्याच्या हाताखाली शिकणारा नातेवाईक पोरगा म्हणजे आर्प श्निटगर. 3 किबोर्ड, 42 स्टॉप. चर्च छोटं असल्यामुळे आवाज थेट छातीवर येतो.

आज वरच्या सज्ज्यात जाऊन वाजवण्याची जागा बघायला मिळाली. पट्टी दाबली की एक बारीक लाकडी काडी ओढली जाते, ती दुसरी ओढते, आणि शेवटी हवापेटीतली पाइपखालची झडप उघडते. या सगळ्या साखळीत वीज नाही. बोटाखाली झडप सुटण्याचा क्षण कळतो: आधी हलका अडथळा, मग एकदम मोकळं. लाकडी बासरीच्या स्टॉपमध्ये सूर लागण्याआधी एक ‘च्फ’ असा फुंकरीचा आवाज येतो, आणि निष्णात वादक पट्टी सावकाश किंवा झटकन दाबून तो कमीजास्त करतो. बोटाच्या जोरानं मात्र सूर मोठा-लहान होत नाही. दाबलेली पट्टी सोडेपर्यंत सूर तसाच, न विझता उभा. त्यामुळे ऑर्गनवादकाचं सगळं कसब पट्टी कधी सोडायची यात असतं. दोन सुरांमधली फट हाच त्याचा जोर.

आपल्याकडे नाटकात वाजायचा तो ऑर्गन पत्त्यांचा, पेटीचा मोठा भाऊ. इथेही पत्तीचे स्टॉप असतात, पण पत्तीच्या डोक्यावर पाइप बसवलेला असतो आणि तोच आवाजाला रूप देतो. बाकीचे बहुतेक पाइप बासरीच्या तत्त्वावर चालतात: फटीतून हवा ओठावर आपटते आणि आतला हवेचा खांब थरथरतो.

श्टाडेला यायचं खरं कारण मात्र स्वरमेळ. हा ऑर्गन पियानोसारखा समान अंतरांत लावलेला नाही, मीनटोनच्या जवळचा आहे. पेटीचा गांधार चढा असतो ही तक्रार आपल्याकडे जुनी. समान स्वरमेळात तो शुद्ध गांधारापेक्षा साधारण 14 सेंट वर असतो (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). मीनटोनमध्ये मोजक्या स्वरसमूहांत गांधार जागेवर बसवतात आणि त्याची किंमत दूरच्या स्वरसमूहांकडून वसूल करतात. वादकानं सी मेजर वाजवलं आणि सूर इतका शांत, स्थिर लागला की मला तानपुऱ्याची जवारी ऐकल्यासारखं वाटलं. मग त्यानं मुद्दाम आडवाटेच्या सुरावटीत पाऊल टाकलं आणि कान किटले. विन्सेंट ल्यूबेक 1674 पासून 1702 पर्यंत इथे वादक होता. त्याच्या रचनांत मधूनच येणारे कडवट सूर मला आजवर लहर वाटायचे. या स्वरमेळात ते ऐकल्यावर त्यांची जागा नेमकी कळते: कडवटपणा यावा म्हणूनच ते तिथे आहेत.

शुक्रवार आणि शनिवार, ल्यूबेक

सेंट मेरीचं चर्च, विटांचं, अवाढव्य. डिटरिख बुक्स्टेहुडे 1668 पासून 1707 मध्ये मरेपर्यंत इथे होता. 1705 च्या शरद ऋतूत विशीतला बाख आर्नश्टाटहून त्याला ऐकायला आला, अंतर साधारण 400 किलोमीटर, तेही पायी. रजा मागितली होती 4 आठवड्यांची. परत गेला सुमारे 4 महिन्यांनी. नोकरीवर परतल्यावर वरिष्ठांची बोलणी खावी लागली.

बुक्स्टेहुडेची जागा मिळवायची तर त्याच्या मुलीशी लग्न करावं, अशी अपेक्षा होती. तो स्वतःही आधीच्या वादकाचा, टुंडरचा, जावई होऊनच स्थिरावला होता. 1703 मध्ये हँडल आणि मॅथेसन हे दोघे तरुण संगीतकार इथे येऊन, अट ऐकून, परत गेले. बाखच्या मनात काय होतं ते त्यानं लिहून ठेवलेलं नाही. तोही परत गेला, एवढं खरं.

बुक्स्टेहुडेनं वाजवलेला इथला एकही ऑर्गन उरलेला नाही. 1942 च्या मार्चमध्ये, पाम संडेच्या आदल्या रात्रीच्या हल्ल्यात मोठा ऑर्गन आणि मृत्युनृत्याच्या चित्रांच्या दालनातला छोटा, दोन्ही जळाले. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा तशाच, फुटलेल्या, जमिनीवर ठेवल्या आहेत. सध्याचा मोठा ऑर्गन 1968 चा, 5 किबोर्ड आणि 101 स्टॉप. बुक्स्टेहुडे त्याच्यावर मला जड वाटला. आवाज भरपूर, बोली मात्र वेगळी.

बुक्स्टेहुडे मला सापडला तो शनिवारी, पलीकडच्या सेंट जेकोबीत. खलाश्यांचं हे चर्च त्या हल्ल्यातून वाचलं. भिंतीवर चिमणीच्या घरट्यासारखा चिकटलेला छोटा ऑर्गन आहे. त्याचे काही पाइप 15 व्या शतकातले, आणि फ्रिडरिख श्टेलवागेननं 1637 मध्ये त्याला वाढवून आजचं रूप दिलं. यावर त्याची डी मायनरमधली पासाकालिया ऐकली. पायांखाली 7 सुरांची एकच ओळ, 28 वेळा. 7 वेळा डी मायनरमध्ये, 7 वेळा एफ मेजरमध्ये, 7 वेळा ए मायनरमध्ये, आणि पुन्हा 7 वेळा मूळ घरी. ख्यालात समेवर येण्याची जी ओढ असते ती इथे प्रत्येक ओळीच्या शेवटी वाटते. ए मायनरच्या भागात वादकानं स्टॉप कमी करून फक्त एक मऊ बासरी ठेवली. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं तेव्हा लक्षात आलं, की आवाज किती खाली आलाय.

हेल्मुट वाल्खा या जर्मन ऑर्गनवादकानं 1947 मध्ये बाखचं ध्वनिमुद्रण सुरू केलं ते याच छोट्या ऑर्गनवर. तरुणपणीच दृष्टी गेलेला हा माणूस. नवी रचना शिकताना कुणीतरी त्याला डावा हात, उजवा हात, पाय असे भाग वेगवेगळे वाजवून दाखवायचं आणि तो ते डोक्यात एकमेकांवर रचायचा. म्हणूनच की काय, त्याच्या वादनात प्रत्येक आवाज स्वतःच्या पायावर उभा असतो. वेगाची हौस असणाऱ्यांना तो कोरडा वाटतो. मला नाही.

मंगळवार, हारलेम

मधले दिवस आगगाडीत आणि ॲमस्टरडॅममध्ये धुणं वाळवण्यात गेले.

हारलेमच्या सेंट बाव्होमध्ये शिरलं की पश्चिमेच्या भिंतीवर तांबूस रंगाचा, सोनेरी किनारीचा ऑर्गन दिसतो आणि पाय आपोआप थांबतात. क्रिस्टियान म्युलरनं तो 1735 ते 1738 मध्ये बांधला. पाइप 5000 हून जास्त, उंची जवळजवळ 30 मीटर, वर दोन सिंह शहराची ढाल धरून बसलेले. हँडल इथे येऊन गेला, आणि 1766 मध्ये 10 वर्षांच्या मोत्सार्टनं हा वाजवला. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचत होते का, हा प्रश्न माझ्या शेजारच्या बाईंनी विचारला. उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

सिंहांच्या हातातल्या ढालीला अर्थ आहे. नेदरलँड्समध्ये धर्मसुधारणेनंतर काल्व्हिनपंथीयांना प्रार्थनेत ऑर्गन नको होता. पण ऑर्गन होते नगरपालिकांच्या मालकीचे, आणि कारभारी ते मोडायला तयार नव्हते. मग वादकाला पगार शहराचा आणि काम प्रार्थनेच्या आधी-नंतर लोकांसाठी वाजवण्याचं. लोक चर्चमध्ये फेऱ्या मारत, गप्पा मारत ऐकायचे. सार्वजनिक संगीतसभांची सवय या शहरांना अशी लागली. आजही उन्हाळ्यात इथे मंगळवारी संध्याकाळी वादन असतं, आणि सगळ्या वयांचे गावकरी सायकली लावून येतात.

1951 पासून इथे उत्स्फूर्त वादनाची स्पर्धा भरते. ऑर्गनवादक हा पाश्चात्य अभिजात संगीतातला असा वादक, ज्याच्याकडून दिलेल्या धूनवर जागच्या जागी रचना करण्याची अपेक्षा आजही केली जाते. पियानोवाल्यांनी हे कौशल्य केव्हाच सोडलं. आजच्या वादकानं शेवटी श्रोत्यांकडून आलेली एक साधी ओळ घेतली, ती आधी वरच्या सुरात, मग पायांत, मग उलटी केली. फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांत येऊन गुंफली जाते तो भाग, सुरू झाल्यावर मी बाक सोडून खांबाला टेकलो. दगडातूनही कळत होतं.

बुधवार, आल्कमार

या दौऱ्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाद्य. सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये मोठा ऑर्गन व्हान हाखरबेअर कुटुंबानं 1640 च्या दशकात पूर्ण केला. त्याची वास्तुरचना याकोब व्हान काम्पेनची. दर्शनी भागाला मिटता येणारी भव्य चित्रं रंगवलेली दारं. 1723 ते 1725 मध्ये आर्पचा मुलगा फ्रान्स कास्पार श्निटगर आला आणि जुनं डच वाद्य उघडून त्यात उत्तर जर्मन पद्धतीचे पेडल आणि पत्तीचे स्टॉप घातले. गावात यावरून बरीच भांडणं झाली. एका पिढीला तो विध्वंस वाटला; आज सगळे त्याच आवाजासाठी येतात. ल्यूबेकनंतर वाल्खानं 1956 मध्ये स्टीरिओ ध्वनिमुद्रणासाठी निवडला तो हाच.

बाखची जी मायनर फँटसी आणि फ्यूग ऐकली. ही रचना बाखच्या 1720 च्या हॅम्बुर्गवारीशी जोडली जाते, आणि फ्यूगची धून डच लोकगीताच्या वळणाची आहे, म्हणजे राइनकेनच्या मुळांना केलेला सलाम. फँटसीच्या शेवटच्या स्वरसमूहानंतर वादकानं हात उचलले आणि आवाज छतात हिंडत राहिला. तो पूर्ण विरेपर्यंत त्यानं फ्यूगला हात घातला नाही. ध्वनिमुद्रणात ही थांबण्याची जागा संपादकाला लांब वाटली असती.

त्याच चर्चमध्ये उत्तरेच्या बाजूला एक छोटा ऑर्गन आहे, यान व्हान कोव्हेलेन्सनं 1511 मध्ये बांधलेला, वाजत्या स्थितीतला नेदरलँड्समधला सर्वांत जुना. आज तो बंद होता. दाराबाहेरून दर्शन.

गुरुवार, ॲमस्टरडॅम

जुन्या चर्चमध्ये, आउडे केर्कमध्ये, यान पीटरझोन स्वेलिंक 1621 मध्ये मरेपर्यंत वादक होता. इथेच पुरला आहे. जर्मन शहरं आपली हुशार पोरं स्वतःच्या खर्चानं त्याच्याकडे शिकायला पाठवत. एका काळी हॅम्बुर्गच्या मोठ्या चर्चमध्ये जिकडे तिकडे त्याचेच शागीर्द. त्यातला हाइनरिख शाइडेमान सेंट कॅथरिनला, शाइडेमानचा शागीर्द राइनकेन, आणि राइनकेनसमोर 1720 साली बसलेला बाख. घराण्याची वंशावळ आपल्याला नवी नाही, पण इथे तिच्यातला एकेक दुवा एकेका इमारतीला बांधलेला आहे.

स्वेलिंकचे ऑर्गन गेले. मोठा आहे तो व्हाटरनं 1726 मध्ये बांधलेला. मीनटोनमध्ये लावलेल्या छोट्या ऑर्गनवर मात्र स्वेलिंकची एक प्रतिध्वनी-फँटसी ऐकायला मिळाली. एका किबोर्डवर ओळ, तीच दुसऱ्या किबोर्डवर हलक्या आवाजात. इमारत स्वतःचा तिसरा प्रतिध्वनी जोडते, तो फुकट.

शनिवार, पॅरिस

ॲमस्टरडॅमहून साडेतीन तासांच्या आत पॅरिस, आणि कान पूर्ण बदलावे लागतात. उत्तरेत प्रत्येक सूर टाचणीनं टोचल्यासारखा सुटा. इथे ढग.

नोत्र-दामचा ऑर्गन 15 एप्रिल 2019 च्या आगीत जळला नाही. सुमारे 8000 पाइपांवर शिशाची धूळ बसली. तो पूर्ण उतरवून, साफ करून पुन्हा चढवला. एकेक पाइप कानानं जुळवण्याचं काम रात्री चाले, कारण दिवसा इमारतीत हातोडे चालू. 7 डिसेंबर 2024 ला चर्च पुन्हा उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला 8 वेळा हाक दिली आणि ऑर्गननं 8 वेळा उत्स्फूर्त उत्तर दिलं; वाजवणाऱ्यांत 1985 पासून इथे असलेले ऑलिव्हिए लात्री होते. लुई व्हिएर्न, जवळजवळ आंधळा, इथे 1900 पासून वादक होता आणि 2 जून 1937 ला कार्यक्रम चालू असताना याच बाकावर गेला.

आज संध्याकाळच्या प्रार्थनेला गर्दी इतकी की बसायला जागा नाही. ओळी-ओळींमधले ऑर्गनचे तुकडे उभ्यानं ऐकले. खालचे स्टॉप पूर्ण उघडल्यावर फरशी थरथरली. फोन वर धरून उभे असलेल्यांनी नेमकं तेच गमावलं.

रविवार, साँ-सुल्पिस चर्च, पॅरिस

अरिस्तिद काव्हाये-कोलनं 1862 मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन: 5 किबोर्ड, 100 स्टॉप, आणि दर्शनी लाकडी सांगाडा वास्तुकार शालग्रँनं आखलेला, 18 व्या शतकातला. क्लिकोच्या 1781 च्या ऑर्गनमधले पुष्कळ पाइप काव्हाये-कोलनं तसेच ठेवले. एवढ्या झडपा एका बोटानं उघडायच्या तर बोट मोडेल. त्यानं बार्करची युक्ती वापरली: पट्टी एक छोटा भाता फुगवते आणि जोर तो भाता लावतो. एक मोठा कप्पा झडपांच्या पडद्याआड बंद केला, आणि पायानं पडदे उघडत नेले की आवाज वाढत जातो. श्टाडेला जे अशक्य होतं ते इथे शक्य झालं.

शार्ल-मारी विडोरला 1870 मध्ये इथे वादक म्हणून तात्पुरतं नेमलं. कायमचं कुणी केलंच नाही, आणि तो 1933 पर्यंत राहिला. त्याच्यानंतर त्याचा शिष्य मार्सेल द्युप्रे 1971 पर्यंत. म्हणजे शंभर वर्षांत दोन माणसं. द्युप्रेनं 1920 मध्ये बाखचं सगळं ऑर्गन-साहित्य पाठ वाजवून दाखवलं होतं. त्याचा शिष्य ऑलिव्हिए मेसियाँ पुढे त्रिनिते चर्चमध्ये 60 वर्षं वाजवत राहिला.

प्रार्थना संपल्यावर बरेच लोक बाकांवर तसेच थांबले, मान ऑर्गनकडे वळवून. आधी सेझार फ्रांकचा एक कोराल, म्हणजे स्तोत्राच्या ढंगाची रचना, मग जिची सगळ्यांना खात्री होती ती विडोरची टोकाटा, बोटांच्या चपळाईची रचना. वादकानं ती सावकाश घेतली. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा मित्राकडे बघून घड्याळावर बोट ठेवू लागला. इंटरनेटवर ही रचना पाच मिनिटांत उरकणारे पुष्कळ आहेत. विडोरनं स्वतः 1932 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, याच ऑर्गनवर ती मुद्रित केली आहे, आणि त्याची लय आजच्या बहुतेकांपेक्षा संथ आहे. वयाचा दोष म्हणून लोक ते सोडून देतात. इथे बसून ऐकलं की पटतं, की वय नव्हे, छत. उजव्या हातातली सुरांची झालर जराही घाईत वाजवली तर या इमारतीत तिचा चिखल होतो, आणि पायांतली धून त्या चिखलात बुडते. या लयीत झालरीचा एकूणएक सूर सुटा ऐकू आला. शेवटच्या भागात पेडलला 32 फुटी पत्ती जोडली गेली तेव्हा घड्याळवाला पोरगाही सरळ बसला.